बिनभरतीचा फौजी

आमचा तांडा महागाव तालुक्यातला, पुसदच्या रस्त्याले फाटा लागते तिथून दोन किलोमीटर आत. आम्ही गोरमाटी लोक, म्हंजे बंजारे, आज्या-पंज्याच्या वक्ती बैलाच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरनारे, बापाच्या वक्तीपासून शेती करून राह्यलो. माझं नाव देवीदास, पन तुम्ही फाट्यावर उतरून देवीदास कुठी राह्यते म्हनून विचारसान तं कोनी सांगनार नाही, फौजीकाका म्हना, लहान पोट्टं बी बोट दाखवते. आता दाखवते अन् वरून हासते. तेच सांगाले बसलो मॅडम, लिहून घ्या, काही वगळू नोका.

मी एकोनीस वर्षाचा होतो तवा नागपूरले मिलिट्रीची भरती निघाली. तवापर्यंत तांड्यातलं कोनी फौजात गेलतं नाही, अन् मी धावाले असा का बकरीच्या मागं धावलो तं बकरीच थके. नायकानं, म्हंजे आमच्या तांड्याच्या मुख्यानं, गळ्यात हार घातला, याडीनं, आम्ही मायले याडी म्हनतो, तिनं ओवाळलं, अन् नगारा वाजवत वाजवत फाट्यापर्यंत नेऊन सोडलं मले. काय सांगू तुमाले, जाच्या आधीच मी फौजी झालतो. धावन्यात पास, छातीत पास, उंचीत पास, मंग डॉक्टरकडे गेलो तं तो म्हने, पाय ओले कर अन् फरशीवर उभा राह्य. राह्यलो. बाजूले झालो तं पुरा तळवा उमटलेला, मधात जागा कोरडी राहाले पाह्यजे होती ती राह्यलीच नाही. सपाट पाय, अनफिट, चल दुसरा. एवढंच बोलला तो, माझ्या तोंडाकडे बी पाह्यलं नाही.

आता घरी जाऊ कसा? हार घालून धाडलेला मानूस परत कसा येईन? तीन दिवस नागपूरच्या ठेसनावर काढले, तिथं एका ठेकेदाराचा मानूस भेटला, जम्मूकडे मिलिट्रीच्या कॅम्पात सैपाकाले पोट्टे पाह्यजेत म्हने, चालतं का? मी म्हनलं, चालते. तिथून घरी कार्ड टाकलं, मिलिट्रीत लागलो, चिंता करू नोका. लागलो तं होतोच ना. पाह्यलं तं खोटं नव्हतं, पन याडीनं ते कार्ड आख्ख्या तांड्याले दाखवलं अन् मले माईत होतं का ती दाखवनार.

अकरा वर्षं मी तिथं कांदे सोलले, आलू सोलले, मानूस आत मावंल एवढाले गंज, म्हंजे पातेले, घासले. सैपाकाच्या खोलीच्या खिडकीतून मैदान दिसे, जवान लोकाईची पीटी पाहात पाहात माझे हात चालत. कोनता व्यायाम कशाच्या मागून, दम कसा धरायचा, उस्ताद कुठी शिव्या देते, सारं पाठ झालं. एकदा तेलाची कढई कलंडली अन् हा डावा हात भाजला, हा पाहा, कोपरापर्यंत. तिशीत घरी आलो तं अंगात हिरवी जर्सी, कॅम्पाच्या बाहेर दुकानात कोनालेबी भेटते ती, अन् हाताले हा डाग. फाट्यावरच एका म्हाताऱ्यानं विचारलं, गोळी लागली का बे? मी म्हनलं, छर्रा होता, बॉम्बचा. बस. तोंडातून गेलं. पेन्शन काहून नाही म्हनून लोक विचारत तं मी म्हनो, जखमेपाई लवकर सुटलो, पंधरा वर्षं भरले नाही. एक खोटं झाकाले दुसरं, दुसऱ्याले तिसरं. मंग बर्फ आला, पहाडी आली, मेलेला दोस्त आला. तो दोस्त तं मी इतक्या वेळा सांगतला का मलेच त्याचा चेहरा दिसाले लागला.

माझ्या बायकोले, शेवंताले, लगनाच्या दुसऱ्याच साली समजलं. एका पंगतीत मी कांदे चिरून राह्यलो होतो, तिनं माझे हात पाह्यले, घरी येऊन म्हने, बंदूक धरनाऱ्याचे हात असे चालत नाहीत, तुमी तिकडे सैपाकी होते ना? पुढं तीस वर्षं ती कोनाले बोलली नाही. लोक मानत, शाळेत पंधरा ऑगस्टले हेडमास्तरच्या बाजूले खुर्ची मांडत, पोराचं, अनिलचं लगन जमलं तेबी फौजीचा पोरगा म्हनून. ह्या खुर्चीची सवय लय वाईट, मॅडम.

तीन-चार वर्षाआधी तांड्यातले अन् लागून असलेल्या गावातले पोट्टे-पोट्टी आले, काका, भरतीची तयारी करून द्या. मले तं सारं पाठच होतं. शाळेच्या मैदानावर सकाळी शिट्टी घेऊन उभा राहाले लागलो. त्याच्यात पल्लवी होती, बौद्ध मोहल्ल्यातली, तिचा बाप कैलासभाऊ, महागाव-पुसद काळीपिवळी जीप चालवते. पोट्टी काय होती! पोट्ट्याईले मागं टाके. बापानं तिचा नर्सिंगचा फारम भरून ठेवलता, बारावीले मार्क चांगले होते, पन तिच्या डोक्यात मिलिट्रीच. एक साल थांबली, दुसरं साल थांबली, नर्सिंगले गेली नाही, तयारीच करून राह्यली.

मांगच्या पावसाळ्यात एका सकाळी धावून आल्यावर तिनं बोरिंगवर पाय धुतले अन् व्हरांड्यात चढली. मी पायरीवर बसलो होतो. फरशीवर तिचे पाय उमटले, आख्खे. म्हनलं, पल्लवी, हे पाय चालत नाही मा, मेडिकलमधी काढतीन, आधी पुसदच्या हाडाच्या डॉक्टरले दाखवून घे. तिनं माझ्या पायाकडे पाह्यलं. मी चप्पल काढून बसलो होतो अन् माझे बी ओले पाय तिथंच उमटलेले. ती हासली, म्हने, काका, तुमचे पाय बी असेच हाये, तुमाले घेतलं तं मले काहून नाही घेनार?

मैदान रिकामं झालं तवा तिले बाजूले घेतलं अन् म्हनलं, मले घेतलंच नव्हतं. मी सैपाकात होतो. तिनं ऐकून घेतलं अन् म्हने, बाबानं पाठवलं ना तुमाले? नर्सिंगले जाव म्हनून बोलून राह्यले ना? मी शपथ खाल्ली, तं म्हने, मंग हाताचा छर्रा? मी म्हनलं, तेल. तिले पटलंच नाही. तीस वर्षाचं खोटं मानसाईले पटते, अन् दोन मिनिटाचं खरं पटत नाही. अन् त्या सालच्या नर्सिंगचे कागद जमा कराची तारीख पंधरा ऑगस्टच्या तीन दिवस पुढं होती, कैलासभाऊनं मले सांगतलं होतं, तुमचं ऐकते ती, समजावा.

घरी येऊन शेवंताले म्हनलं, आता सगळ्याईपुढं बोला लागते. ती भाकरी थापून राह्यली होती, हात थांबवला नाही, म्हने, अनिल नातं तोडून टाकीन. म्हनलं, माईत हाये. ती म्हने, लोक थुंकतीन. म्हनलं, थुंकू दे, त्या पोट्टीचं तिसरं साल चाललं. मंग तिनं तव्यावर भाकरी टाकली अन् म्हने, जा मंग, मी बी येतो तुमच्या संगं.

पंधरा ऑगस्टले शाळेत झेंडा झाला, गाने झाले, अन् हेडमास्तरनं नेहमीसारखं म्हनलं, आता आपले फौजीकाका दोन शब्द बोलतीन. माईक हातात घेतला. म्हनलं, मी फौजात नव्हतो. भरतीले गेलो, पाय सपाट म्हनून मले काढलं. अकरा वर्षं कॅम्पात भांडे घासले. हा हाताचा डाग छर्ऱ्याचा नाही, तेलाचा हाये. दोस्त मेला म्हनून सांगत होतो तो कोनी नव्हताच. मी तुमाले फसवलं. अन् पल्लवी, तू ऐकून घे, माझे पाय पाहून तू भरतीच्या भरवशावर बसली असशीन तं उठ. एवढंच बोललो. कोनी टाळी वाजवली नाही, वाजवा अशी गोष्टबी नव्हती. हेडमास्तरनं माईक घेतला अन् खाऊ वाटा म्हने. मी खुर्चीवर परत बसलो नाही, शेवंता बायाईत उभी होती तिच्याजवळ जाऊन उभा राह्यलो.

दुपारी अनिलचा पुन्याहून फोन. इतक्या वर्षानं कायले सांगतलं, मरेपर्यंत गप नाही राहाता आलं? सासऱ्याले काय तोंड दाखवू? मी म्हनलं, तू माझंच तोंड दाखव, खोटं मी बोललो. त्यानं फोन ठेवला. अजूनबी आपल्या मायसंगं बोलते, माझ्यासंगं नाही.

चार वाजता काळीपिवळी दारात थांबली. कैलासभाऊ उतरला नाही, पल्लवी एकटी आली. बसली नाही. म्हने, माझे दोन वर्षं गेले काका. मी म्हनलं, हाव, गेले, माझ्यामुळं गेले. माफी मागाले तोंड उघडलं तं म्हने, राहू द्या. मंग उभ्या उभ्याच रडली, रागानं रडली, शेवंतानं पानी देल्लं तं पेली अन् गेली. दुसऱ्या दिवशी बापासंगं पुसदले गेली, डॉक्टरनं पाय पाह्यले अन् सांगतलं का हे पाय भरतीत बसत नाहीत. त्याच दिवशी तिनं कागद जमा केले. आता पुसदले नर्सिंग शिकून राह्यली. शेवंताले फोन करते, माझ्याबद्दल विचारत नाही. तिचा हक हाये तो.

गावातला एक पोरगा खराच फौजात हाये, सुमेध. दिवाळीत सुट्टीवर आला तं माझ्या घरी आला. मी दारात उभा राह्यलो, मारते का काय म्हनून. तो बसला, चहा पेला, मंग म्हने, काका, आमच्या मेसमधल्या पोरांचे हात मी रोज पाह्यतो, ते काम हलकं नाही. पन तुम्ही ज्या मेलेल्या दोस्ताच्या गोष्टी सांगत होते ना, माझा तसा दोस्त खरंच गेला. तो उठताना म्हने, जर्सी घालू नका आता. मी पेटीतून काढून त्याच्याच हातात देल्ली.

शिकवनं बंद करून बसू का? बसलो असतो. पहिले आठ दिवस मैदानावर कोनी आलं नाही, मी एकटाच चुन्यानं रेषा आखून उभा राहो. मंग दोन पोट्ट्या आल्या, मंग एकीचा बाप पाह्याले आला अन् पोरगी ठेवून गेला. आता सात हायेत. कोनी नवीन आलं का मी पयल्या दिवशी समोर उभं करून सांगतो, बाई, मी फौजी नाही, मी फौजेचे भांडे घासत होतो, जे खिडकीतून पाह्यलं ते शिकवतो, अन् तू आधी डॉक्टरकडून पाय, डोये, सारं तपासून आन. ज्याले पटत नाही ते जाते, जाऊ दे. जे राह्यते त्याले म्हनतो, बाप्पा, देव तुमच्या पायात बळ देवो. अन् शिट्टी मारतो.