पाठवायचा राहिलेला शेरा

सन्माननीय अध्यक्ष प्राध्यापक हॉवेल, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या नेस्टा प्रोबर्ट, आणि केककडं लक्ष लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

निबंध ऑनलाइन कसे जमा करून घ्यायचे, पडद्यावर कसे तपासायचे, हे आपल्याला नेस्टानं शिकवलं. म्हणजे काय केलं? आपल्यालाच विद्यार्थी केलं. सरावाच्या वर्गात प्रत्येकानं अर्धं पान लिहून जमा करायचं, आणि नावं झाकून एकमेकांचं तपासायचं. विषय तिनंच दिला होता: 'येता शनिवार'.

भूगर्भशास्त्राचा इद्रिस माझ्या शेजारी बसायचा. विद्यापीठात खोलीही आमची एकच. तो शेरा लिहायचा आणि तो पाठवण्याचं शेवटचं बटण दाबायला विसरायचा. दर वेळी.

"अहो, दगडांची वयं तोंडपाठ, आणि एक बटण लक्षात राहत नाही?" नेस्टा ओरडायची.

"दगडांना घाई नसते गं," इद्रिस म्हणायचा.

इद्रिस जानेवारीत गेला. चॅपलमध्ये, अंत्यविधीला, तुम्ही सगळे होतात.

त्यानंतर एकदा नेस्टा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"एलेरी, संगणकावरचा सरावाचा वर्ग आवरत होते. तुझ्या पानावर इद्रिसचा शेरा आहे. पाठवायचा राहिलाय."

"नावं तर झाकलेली होती."

"होती ना. तरी सुरुवात तुझ्या नावानं आहे. पुढचं मी वाचलं नाही, बाई. पाठवू?"

मी म्हटलं, राहू दे.

माझ्या पानात विशेष काही नव्हतं. शनिवारी ओहोटीला वाळूवरून दीपगृहापर्यंत चालायचं आहे, सोबत कुणी आलं तर बरं, एवढंच. मग राहू का दिलं? जोवर तो शेरा यायचा होता, तोवर इद्रिसकडून अजून काहीतरी यायचं होतं. तेवढ्यावर माझे शनिवार निघत होते.

आता नवी प्रणाली येते आहे. सरावाचा वर्ग उद्या पुसला जाईल. ते बटण दाबण्याचा अधिकार फक्त नेस्टाकडं आहे, आणि तोही आजच्यापुरता.

नेस्टा, तुझ्याविषयी आणखी चांगलं बोलायला हवं होतं. ते इतर बोलतील. चहा झाला की तेवढं बटण दाब. त्यानं नुसती स्वल्पविरामाची चूक काढली असली तरी चालेल.

आयोजकांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. चहाला माझी वाट पाहू नका. मी वर खोलीत असेन, आणि वाचून झालं की वाळूवर. आज ओहोटी संध्याकाळची आहे.