बाजाराच्या दिवशीची गोळी

मला सल्ला विचारण्याआधी हे ऐकून घ्या. आमचा शेजारी, मसालेवाला शेषराव, याला डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायला सांगितली होती. त्याच्या वार लक्षात राहीना. मी रसायनशास्त्रातला पीएचडी. म्हणालो, "बाजाराच्या दिवशी घेत जा."

दोन महिन्यांच्या गोळ्या पंधरा दिवसांत संपल्या आणि त्याला मळमळायला लागलं.

"बाजाराच्या दिवशीच घेतली, सर," तो म्हणाला. "आठवड्याला चार बाजार करतो ना मी. अंबड, आष्टी..."

मीच त्याला दवाखान्यात नेलं. जास्त गोळ्यांमुळे रक्तातलं कॅल्शियम थोडं वाढलं होतं. डॉक्टरांनी गोळी बंद केली आणि विचारलं, "असं घ्यायला कुणी सांगितलं?"

मी खाली पाहिलं.

"लई शिकलेला माणूस हाये, साहेब," शेषराव म्हणाला. "नाव न्हाई सांगत."