क्षणभर म्हंजे किती?

तळोज्याला केमिकल कंपनीत सेफ्टीचं काम बघायचो, नव्वदच्या दशकातली गोष्ट. हसू नका, तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती.

रिॲक्टरची वाफ बंद केल्यावर 'वेट अ मोमेंट', मगच झाकण उघडा, अशी इंग्रजी पाटी होती. मॅनेजर म्हणाले, मराठीत कर. मी डिक्शनरी काढली. क्षण, पळ, निमिष... शेवटी 'क्षणभर थांबा' लिहिलं आणि स्वतःवरच खूश झालो.

दुसऱ्या दिवशी आमचे ऑपरेटर शिंदेकाका, मूळचे साताऱ्याचे, झाकणाला पाना लावून उभे. मी शेजारी. आत ॲसिड खदखदतंय आणि प्रेशरचा काटा महिनाभर बंद.

"साहेब, क्षणभर म्हंजे किती ओ?"

"म्हणजे... थोडा वेळ."

"थोडा म्हंजे? लवकर उघडलं तर दोघांची बी तोंडं जळतील."

"काका, रोज किती थांबता?"

"रोज तंबाखू मळून हुईस्तोवर. पन कालच तुमी दुसरी पाटी लावली न्हवं, तंबाखू बंद म्हनून?"

"असू दे. मळा, काका!"

"पुडी गेटवर काढून घेतली की."

काकांनी पाना खाली ठेवला, डोळे मिटले आणि रिकामा तळहात अंगठ्यानं मळायला लागले. मळलं, थापटलं, फुंकर मारली, नसलेली चिमूट ओठात ठेवली. मी श्वास रोखून उभा. मग त्यांनी झाकण सैल केलं. नुसतं फुस्स झालं.

तंबाखूबंदीची पाटी मी त्याच दिवशी उतरवली. आणि काका रजेवर गेले की मीही रजा टाकायचो.