रिओतली वाई

इथे आखातात, खोर फक्कानला साध्या बोटीत बसायला घाबरणारी आमची सुनंदा रिओला गेल्यावर म्हणाली, "अहो, मी ग्लायडरने उडणार!" माझी ऑफिसची कॉन्फरन्स संपल्यावर फिरायला दोनच दिवस उरले होते, त्यामुळे वाद घालायलाही वेळ नव्हता.

डोंगराच्या कड्यावर लाकडी उतार होता. पायलटने तिला पट्ट्यांनी स्वतःशेजारी बांधलं. मी मागे कॅमेरा धरून उभा होतो. एकदम तो ओरडला, "वाई! वाई!"

सुनंदा जागीच थांबली, मागे वळली आणि हरखून म्हणाली, "अहो, माझं माहेर याला कसं कळलं?"

पायलटने कपाळाला हात लावला. आमचा गाईड ओरडला, "मॅडम, पोर्तुगीजमध्ये वाई म्हणजे गो!"

"मग यल्ला!" असं अरबीत 'चला' म्हणत ती अशी सुटली की पायलटच तिच्याबरोबर ओढला गेला. क्षणात दोघं समुद्रावर!

मी जीपने धडपडत किनाऱ्यावर पोचलो, तर ही वाळूत बसून आरामात नारळपाणी पीत होती. मी गाईडमार्फत पायलटला विचारलं, "घाबरली का हो?"

त्याने डोळे मोठे केले, दोन्ही हात पसरले आणि हुबेहूब सुनंदाच्या आवाजात म्हणाला, "अगंबाई! अगंबाई! अगंबाई!"