मालनच्या कनवटीचा फ्यूज

दर्शना : काका, तिथेच थांबा! शिडीला हात लावू नका.

गुणाजी : लावत नाय. पण माधव कुठे आहे? माझा मुलगा? पाण्यात होता तो.

माधव : मागे बघा बाबा. कधीचा वर आलोय. टॉवेल गुंडाळून बसलोय.

गुणाजी : मग बरं. आणि ह्या बाई कोण?

दर्शना : मी दर्शना. धक्क्यावरच्या विजेची तपासणी करायला आलेय. आधीच्या साहेबांची बदली झाली. तुम्ही गुणाजीकाका ना, इथले वायरमन?

गुणाजी : होय. चूक माझीच आहे मॅडम. सकाळपासून एकाही बोटीला वीज नाही. मेनचा फ्यूज घरी राहिला. हा बघा, परळला जाऊन घेऊन आलो. हिंदमाताला टॅक्सी अडकली, त्यात मॅनेजरचे फोनवर फोन. पार्टीच्या बोटीत बर्फ वितळला म्हणे.

माधव : बर्फ नाही, आईस्क्रीम. वितळलेलं पण कोणी विचारलं नाही मला.

दर्शना : पण मेनचा फ्यूज घरी जातोच कसा?

माधव : ती आईची करणी. मी बोटींच्या बुडाला चिकटलेली कालवं खरवडतो ना, पाण्याखाली जाऊन. मी आत असलो की धक्क्याची वीज बंद, आणि फ्यूज आईच्या कनवटीला. डबा घेऊन यायची आणि मी वर येईपर्यंत इथे बसून राहायची. मॅनेजर येऊन ओरडला तरी ढिम्म. ‘पोरगो वर येऊंदे, मगे देतंय.’

गुणाजी : मिलमध्ये आमची तशी पद्धत होती. जो लाइनवर काम करणार, फ्यूज त्याच्याच खिशात. म्हणजे दुसरा कोणी चुकून चालू करणार नाही. मी घरी जेवताना सांगायचो, ते हिने लक्षात ठेवलं. एकदा शिडी धरली तर हाताला मुंग्या आल्या म्हणाली. मी टेस्टर लावून बघितला, काही नाही. हसलो मी. म्हटलं, अगो, एवढा जड डबा धरून बसलीस, मुंग्या येणार नाहीत तर काय? ती हसली नाही. त्या दिवसापासून फ्यूज तिच्याकडे.

दर्शना : आणि आता?

गुणाजी : गेल्या श्रावणात गेली मालन. आता माझ्या खिशात असतो. काल माधवचं काम अर्धं राहिलं, सकाळी परत उतरायचं होतं, म्हणून लावलाच नाही. घरी गेलो, खिसा रिकामा केला तो तिच्या फोटोसमोर. आता फोटो आहे तिथेच फ्यूज ठेवायची ती. सकाळी निघालो तसाच.

दर्शना : काका, बसा जरा.

गुणाजी : बसतो नंतर. आधी फ्यूज लावू दे.

दर्शना : लावायचा नाही. मी आले तेव्हा माधव बोटीखाली होता. त्याला आधी वर बोलावलं, मग माझ्याकडचा फ्यूज घालून मीटर लावला. शिडीत वीज येत होती. पूर्ण. लगेच फ्यूज काढून घेतला.

गुणाजी : ह्या शिडीत?

दर्शना : ह्याच. पार्टीच्या बोटीची वायर कोणीतरी घाईत ओढलीय, ती शिडीच्या क्लॅम्पखाली चिरडली. आता ओहोटी आहे, शिडी पाण्याच्या वर लटकतेय. पाण्यातला माणूस वर यायला तिलाच धरणार. अंग पाण्यात, हात लोखंडावर. वीज त्याच्यातूनच जाणार. हात सुटत नाही, आवाज फुटत नाही. बघणाऱ्याला वाटतं, बुडाला.

माधव : सकाळपासून तिच्यावरूनच चढउतार करतोय मी, बाबा.

(गुणाजी धक्क्यावर खाली बसतो.)

माधव : बाबा! पाणी घ्या. अहो, काही झालेलं नाही. वीज नव्हतीच ना.

गुणाजी : इकडे ये. हात दाखव. दोन्ही.

माधव : हे घ्या. सगळी बोटं आहेत. नखं तेवढी घाण.

गुणाजी : मॅनेजरला कबूल करून आलो रे मी. टॅक्सीतूनच. म्हटलं, साहेब, उद्यापासून फ्यूज काढणार नाही. ती गेली, तिच्यामागे मी उगाच धरून बसलोय, लोकांना त्रास. असं बोललो मी.

माधव : बोललात ना नुसतं? मग जाऊ दे.

गुणाजी : मॅडम, त्या वेळी तिला मुंग्या आल्या, त्या खऱ्याच होत्या का?

दर्शना : त्या दिवशी काय होतं ते आज कसं सांगणार? पण त्यांना आल्या म्हणजे आल्या. माझ्या आईला अशा मुंग्या आल्या असत्या, तर तिने मला पाण्याच्या जवळसुद्धा फिरकू दिलं नसतं. काकूंनी माधवला निदान काम तरी करू दिलं.

माधव : बाबा, फोन. मॅनेजर.

गुणाजी : मॅडम, तुम्हीच बोला. मला आत्ता नाही जमणार.

दर्शना : हॅलो. हो, तपासणीवालीच बोलतेय. नाही, आज चालू होणार नाही. वायर बदला, मग विजेची गळती झाली की आपोआप बंद होणारा स्विच बसवा, मग मी परत बघेन, मग चालू. पार्टी? ती तुमची तुम्ही बघा. आईस्क्रीम वाटून टाका. इथे एक गिऱ्हाईक बसलंय टॉवेल गुंडाळून.

माधव : दोन म्हणा. बाबांना पण आवडतं.

गुणाजी : गप रे. मॅडम, तो स्विच बसला की मग ह्या फ्यूजचं काम नाही?

दर्शना : नाही. पण माणूस पाण्यात उतरताना मेन बंद करायचीच, ती सवय सोडू नका. हा जुना फ्यूज तुमच्याकडे राहू दे.

माधव : द्या, मी ठेवतो पिशवीत. घरी कुठे ठेवू, बाबा?

गुणाजी : जिथे विसरलो होतो, तिथेच.