तालीममास्तर साळूबाई

सन्माननीय अध्यक्ष हंबीरराव, साताऱ्याहून तसदी घेऊन आलेले पाहुणे, व्यासपीठावरील ज्येष्ठ मंडळी आणि समोर बसलेल्या माझ्या माताभगिनींनो व बंधूंनो,

मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. बोलायची सवय आहे, पण हळू. बावीस वर्षं या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर आहे; विंगेत वही धरून विसरलेली वाक्यं सांगतो. आज मोठ्यानं बोलणार आहे, तेवढं सांभाळून घ्यावं.

साळूबाई परवा कंपनी सोडून माण तालुक्यात, आपल्या गावी जाणार आहेत. त्यांचं कौतुक आपण समोरून पाहून केलंत. मी त्यांना बाजूनं आणि पाठीमागून पाहिलं आहे. म्हणून आधी उणं सांगतो. त्यांचा गळा गोड नाही. वरच्या पट्टीत आवाज फाटतो. आणि लिहिलेलं वाक्य त्या खुशाल गाळतात.

मुलाच्या मरणाच्या प्रवेशात एकदा त्यांनी दीड पानाचं भाषण गाळलं. मी तीनदा वाक्य पुरवलं. बाई उठल्या, प्रेक्षकांकडे पाठ केली आणि पाळण्याकडे निघाल्या. मला फक्त पाय दिसत होते. टाच जमिनीला टेकत नव्हती. निजलेलं मूल उठू नये म्हणून आई चालते, तशा चालत होत्या. मूल तर गेलेलं होतं! मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी म्हणालो, “बाई, दीड पान गिळलंत.”

“गिळलं न्हाई अण्णा, पायानं बोलले. तुमास्नी ऐकू आलं न्हाई व्हय?”

हे पाय आले कुठून? वडील मेंढपाळ, धनगरांच्या गजीनाचात पुढं असायचे. त्यांच्यामागं नाचत बाई पावलं शिकल्या, आणि तेच त्यांनी इथं आठ वर्षं सगळ्यांना शिकवलं. आपले लालासाहेब लढाईवरून परतले आणि सरदाराच्या कामाला उभे राहिले. दरबारात शिरले ते पाय आपटत!

“आवं लालासाहेब, ह्यो दरबार हाय, परेड न्हवं!”

“मग कसं चालू? दावा की.”

बाईंनी भरलेली घागर त्यांच्या डोक्यावर ठेवली. “थेंब सांडला तर आज समद्यांची लुगडी तुमी धुवायची.”

दोन तासांनी लालासाहेब म्हणाले, “बर्मात जपान्यानं एवढा घाम काढला न्हवता.” पण पुढच्या खेळाला ते दरबारात आले आणि तुम्हीच बसल्या जागी सावरून बसलात. आठवतं ना?

मग मला सांगा, असं काम करणाऱ्याला काय म्हणतात? जाहिरातीत ‘तालीममास्तर’ या शब्दापुढं आठ वर्षांत तीन नावं छापली गेली. त्यांतले दोघे आज व्यासपीठावर आहेत. तालमीला मात्र ते मला कधी दिसले नाहीत.

अक्षर बरं म्हणून मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी ‘तालीममास्तर साळूबाई’ असं लिहिलं. दुपारी अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. “केरबा, त्यो शब्द काढ. मेंढरांमागची बाई, तिला मास्तर म्हणायचं? लोक हसतील, गड्या. अभिनेत्री लिही.”

मी घरी गेलो. रोज बसतो तसा देवापुढं बसलो. तिथं बसून मनाशी खरं म्हणायचं आणि उठून हातानं ते खोडायचं, हे काही मला जमेना. अध्यक्षांच्या शब्दाखातर मी मानपत्र पुन्हा लिहिलं. ‘अभिनेत्री’ घातलं. पण पहिला शब्द आहे तिथंच आहे. उलट जरा मोठाच पडला आहे. शाई वाळली आहे. आता तो काढायचा तर कागद फाडावा लागेल.

साळूबाई, मान खाली घालू नका. ही सवय तुम्हीच आमची मोडलीत.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आपला ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घालावं. त्या एका शब्दाबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही.

मानपत्र वाचण्याचा मान रिवाजानं अध्यक्षांचा. हंबीरराव, हे घ्या. शब्द पहिल्याच ओळीत आहे. अडखळलात तर संकोच नको. मी शेजारीच उभा आहे, आणि या वेळी हळू सांगणार नाही.