दुसऱ्या पंगतीतली अळी

सिंधूबाई : न्हाई म्हनले ना भावजी. येकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. ती पानं टेम्पोतनं उतरवूच नका.

खंडू : उतरवली की. चार पेंड्या वसरीत टाकल्या बी. आता परत भरायला लावता का वयनी? साठी उलटली माझी, कंबार धरलीया.

सिंधूबाई : साठी उलटली तर मांडवाचा धंदा पोराच्या हवाली करा. माझ्या दारात पळसाची पानं कशाला आनता? न्हावऱ्यात दुसरं घर न्हाई व्हय?

खंडू : गुरवाचं येकच घर हाय न्हावऱ्यात. आन् पत्रावळ लावनारा हात बी ह्यो येकच ऱ्हायलाय. मी पार दौंडापतूर हिंडून आलो. पारगाव झालं, केडगाव झालं, चौफुला झाला. म्हाताऱ्या गेल्या, सुनांना येत न्हाई. येक म्हातारा घावला. म्हनला, लावतो की, पन कुठं टोचतोय ते तू सांगत बस.

अनिता : च्या घ्या मामा. किती लागत्यात पत्रावळी?

खंडू : दोन हजार. रांजनगावच्या येका कंपनीतला सायेब हाय, मोठा. पोरीचं लगीन, शिरूरला कार्यालयात. मी म्हनलं, सायेब, कागदी देतो, सोनेरी देतो, कप्प्याकप्प्याची देतो. तर म्हनतो, "नो प्लास्टिक, खंडूजी. हमको पत्ता चाहिये, हाथ का बना हुआ." मला हसावं का रडावं कळंना. आपन उकिरड्यावर टाकलं, ते त्यांनी उचललं.

अनिता : आता तसंच निघालंय मामा. माझ्या कंपनीत लाईनवरची येक पोरगी पुन्यातली हाय. ती म्हनती, तिकडं पानावर जेवलं म्हंजी मोठं मानूस.

सिंधूबाई : आसल मोठं. माझा हात पानाला लागायचा न्हाई. मारुतीच्या निवेदाला बी मी स्टीलची ताटली घेते. सगळं ठावं आसून इचारता भावजी? तुमीच तर व्हता तिथं.

अनिता : कुठं व्हते? आत्या, मी ह्या घरात आले तवापासनं बगते, माळ्यावर पत्रावळीच्या काड्यांची जुडी तशीच पडलीय. दिवाळीला झाडताना बी हात लावू देत न्हाई तुमी. तुमच्या लेकाला, नवनाथला इचारलं तर तो बी गप. झालं काय व्हतं?

खंडू : जुनी गोष्ट हाय गं. जाऊ दे. तुझी शिफ्ट किती वाजता?

अनिता : सेकंड हाय. दोनची बस. येळ हाय मला.

सिंधूबाई : ऐकू द्या की तिला, सून हाय घरातली. किल्लारीचा भूकंप झाला ना पोरी, त्याच्या म्होरल्या उन्हाळ्यात हौसराव आबांच्या थोरलीचं लगीन व्हतं. गुरव म्हनून पत्रावळीचा मान आपला. तुझा सासरा आन् मी पंधरा दिस पत्रावळी लावत व्हतो. बोटं हिरवी झाल्याली. पयली पंगत झ्याक उठली. दुसऱ्या पंगतीत अळी निघाली.

अनिता : पत्रावळीत?

सिंधूबाई : भाताच्या खाली. जित्ती. व्याह्याची मानसं बसल्याली. निम्मी पंगत तोंडातला घास थुकून उठली. हौसराव आबांची मान जी खाली गेली… पन ह्या भावजींनी येळ भागवली बग. ह्यांच्या टेम्पोत त्या कागदी पत्रावळी व्हत्या, वरनं चकचकीत. तवा नव्यानंच निघाल्या व्हत्या. ह्यांनी झटक्यात त्या मांडल्या आन् पंगत परत बसवली. न्हाईतर वऱ्हाड माघारी गेलं असतं. म्हनून तर दर पाडव्याला ह्यांच्या घरी साखरेची गाठी धाडते मी.

खंडू : वयनी, ती गाठी…

सिंधूबाई : काय?

खंडू : काय न्हाई. च्या लई गोड झालाय.

अनिता : मंग आबा तुमाला काय बोलले?

सिंधूबाई : बोलले असते तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या तर मी पाय धरून मोकळी झाले असते. येक शब्द न्हाई. सुगीला बलुत्याची जवारी घरी आली, दरसालपरास चार पायल्या जास्तच. फकस्त पत्रावळीचा सांगावा परत आला न्हाई. त्यांचा न्हाई आन् गावातल्या दुसऱ्या कुनाचा बी न्हाई.

अनिता : येका अळीपायी सगळ्यांनी पानं सोडली?

खंडू : आगं, ती अळी ऱ्हायली कुठं! निर्व्याला पोचली तवा तिची गोम झाल्ती. मांडवगणला इच्चू झाला. महिन्याभरानं मी दौंडच्या स्टँडवर बसलो व्हतो, तर येक कंडक्टर मलाच सांगतोय, "न्हावऱ्याच्या लग्नात पत्रावळीखालनं नाग निघाला म्हनं, फडी काढून. नवरदेव बेसुद पडला."

अनिता : आन् तुमी काय म्हनला?

खंडू : मी म्हनलं, व्हय, मी बी ऐकलंय.

अनिता : व्हय म्हनला तुमी?

खंडू : मंग काय करतो? माझा टेम्पो तिथंच उभा व्हता, कागदी मालानं भरल्याला. तुला सांगतो, त्याच्या आधी दोन वर्सं मी तो माल घिऊन दारोदार फिरलो. गळत न्हाई म्हनलं. फाटत न्हाई म्हनलं. आनायची, मांडायची, फेकायची, कुनाचं तोंड बगायला नको म्हनलं. लोक हसायची. कागदावर भेळ खात्यात रं खंडू, लग्नाचं जेवान न्हाई. कागदावर अंगठा उठवत्यात. येक म्हातारी तर म्हनली, माझ्या दहाव्याला वाढ त्याच्यावर, मला काय कळायचं न्हाई. घरातली खोली भरल्याली त्या गठ्ठ्यांनी. आमी वट्यावर झोपायचो.

सिंधूबाई : आन् आता वड्याला जाऊन बगा. पानी कमी आन् पत्रावळ्या जास्त. कुजत न्हाईत, बुडत न्हाईत. पन काय बोलायचं? आपल्याच हातची खोट निघाली, मंग दुसऱ्याला नावं कशी ठेवायची?

अनिता : कुनाच्या हातची खोट, आत्या? तुमच्या का मामंजींच्या?

सिंधूबाई : तेच तर कळलं न्हाई. त्या दिशी पंगती उठल्यावर तुझ्या सासऱ्यानं आख्खा उकिरडा उलथला. येक येक उष्टी पत्रावळ उचलून बगितली. ह्यांचा टाका आखूड, माझा लांब. ती पत्रावळ घावली असती तर टाक्यावरनं कळलं असतं. दिस मावळंपतूर बसले.

अनिता : घावली?

सिंधूबाई : न्हाई. मंग घरी येऊन म्हनले, माझीच आसल, मला आताशा बारीक दिसत न्हाई. मी म्हनलं, न्हाई, माझी आसल, मी घाई केली. आठ दिस आमी दोघं त्याच्यावरच भांडत व्हतो. माझी का तुझी. लोक शेताच्या बांधावरनं भांडत्यात, आमी अळीवरनं.

अनिता : आत्या, येक इचारू? मी कंपनीत क्वालिटीला हाय. गिऱ्हाइकाकडनं बोंब आली, की बाबा पीस खराब निघाला, तर आमचा सायेब आधी येकच बोलतो. पीस दाखवा. पीस डोळ्यानं बगितल्याशिवाय रिजेक्ट मारायचा न्हाई. मंग ती अळी बगितली कुनी?

सिंधूबाई : आगं समद्यांनी. पंगत उठली की.

अनिता : उठली. पन बगितली कुनी? तुमी बगितली?

सिंधूबाई : मी मागं बायकांत व्हते, पुऱ्या लाटायला.

अनिता : मामंजींनी?

सिंधूबाई : ते देवळात नवरदेवाच्या नारळाला गेल्ते.

अनिता : हौसराव आबांनी?

सिंधूबाई : ते व्याह्यापाशी, मांडवाच्या दाराला.

अनिता : मंग ज्याच्या पानात निघाली त्यानं तरी?

सिंधूबाई : तो मांडवगणचा कोन म्हातारा पाव्हना व्हता. दोनी डोळ्यांत फूल पडल्यालं. त्याला भात दिसंना, अळी कुठली दिसायची.

अनिता : मंग अळी अळी म्हनून वरडलं कोन?

सिंधूबाई : वाढायला हे भावजी…

(खंडू कप खाली ठेवतो.)

खंडू : नव्हती.

सिंधूबाई : काय नव्हती?

खंडू : अळी. अळी नव्हतीच वयनी.

सिंधूबाई : भावजी, तुमी काय बोलताय?

खंडू : म्हातारा हेरूनच ठेवला व्हता मी. डोळ्यानं अधू हाय ते बगूनच. त्याच्या म्होरची पत्रावळ उचलली, भातासकट मुठीत चुरगाळली, अळी म्हनून वरडलो आन् फेकून दिली लांब. टेम्पो मांडवाच्या मागं लावूनच ठेवला व्हता. दोरी बी सोडून ठेवल्याली.

अनिता : आन् आत्या तुमाला गाठी धाडतायत! तेरा वर्सं!

खंडू : कवा तोंडात घातली न्हाई पोरी. आईची आन. पाडव्याला गाठी आली की मी हिरीवर जायचो आन् पान्यात सोडायचो. बायकू इचारायची तर म्हनायचो, मला साखर झालीया. आता खरंच झालीया.

सिंधूबाई : का केलं भावजी? तुमी आन् हे येका पाटीवर शिकला. दुसरीतनं दोघं मिळून पळाला.

खंडू : मला वाटलं येका लग्नापुरतं. लोकांनी येकदा त्या कागदावर जेवून बगावं बास, मंग अळी इसरतील, कागद ध्यानात ऱ्हाईल. दोन वर्सं खरं बोलून येक गठ्ठा खपला न्हाई वयनी. येक शब्द खोटा बोललो, आन् म्होरल्या लगीनसराईला दौंडच्या बाजारात माल पुरंना. माझं बगून पाच जनांनी दुकानं टाकली. मानसं माझ्याकडं यायची आन् मलाच सांगायची, पान नको बाबा, पानात अळ्या असत्यात. मी त्या पाव्हन्यांना सांगनार व्हतो व्हय, का बाबांनो, ती मीच सोडलीय?

सिंधूबाई : ह्यांना… ह्यांना ठावं व्हतं?

खंडू : न्हाई.

सिंधूबाई : खरं सांगा.

खंडू : न्हाई म्हनतो ना. त्या दिशी मी उकिरड्याकडं गेल्तो. म्हस्कू गुडघ्यावर बसल्याला. येका हातानं कुत्री हाकलतोय, येका हातानं पत्रावळी उलटतोय. मला बगून म्हनला, खंडू, तुझी नजर चांगली हाय, बस की जरा माझ्याजवळ, बग.

अनिता : मंग?

खंडू : मंग बसलो. त्याच्याजवळ बसून मी बी उलटत बसलो. घंटाभर. नव्हती ती अळी हुडकली.

सिंधूबाई : शेवटाला दवाखान्यात म्हनले मला. सिंधे, ती माझ्याच हातची व्हती. तू जीवाला लावून घिऊ नको. मी म्हनलं, बरं. येवढा येकच डाव मी भांडले न्हाई.

अनिता : मामा, उठा. पानं भरा टेम्पोत आन् निघा. मी लावते हात पेंड्यांना, पन निघा तुमी.

खंडू : निघतो. बरोबर हाय तुझं. सायेबाला सांगतो, मानूस घावलं न्हाई म्हनून.

सिंधूबाई : थांब अनिता. भावजी, हौसराव आबा हाईत अजून?

खंडू : हाईत. आंथरुनावरच असत्यात. मानूस वळखत्यात, पन कानानं गेलेत.

सिंधूबाई : मंग मोठ्यानं सांगा.

खंडू : सांगतो. ह्या पावलीच जातो. आन् म्हनाल तर पारावर बी उभा ऱ्हाऊन सांगतो चार मानसांत. पन वयनी, खरं सांगू का, आता त्याला कोन इचारतंय? अळीला वाटंत कुनी अडवलं न्हाई, नाग होऊन ती दौंडाला गेली. माझं हे पाराच्या फुडं जायचं न्हाई. लोक म्हनतील, म्हाताऱ्याचं वय झालं.

सिंधूबाई : आबापतूर गेलं तरी बास. मला त्यांच्या दारावरनं जाताना पदर डोळ्यावर घ्यायला नको. अनिता, माळ्यावरनं काड्यांची जुडी काढ.

अनिता : आत्या! ह्यांच्यासाठी लावनार तुमी?

सिंधूबाई : ह्यांच्यासाठी कशाला? तेरा वर्सं बोटं नुसती बसून हाईत. काढ म्हनते ना. काड्या किडल्या आसतील तर नव्या बगू.

अनिता : घ्या. न्हाई किडल्या. फडक्यात बांधून ठेवल्यात कुनीतरी.

सिंधूबाई : तुझ्या सासऱ्यानंच ठेवल्या आसतील. आन इकडं.

खंडू : मी जाऊ का मंग आबाकडं?

सिंधूबाई : जा की. पन आधी बसा हितं. येक पेंडी सोडा. पानं निवडून द्या मला. उजेडाकडं धरायचं, दोनी अंगांनी बगायचं, मंगच माझ्या हातात द्यायचं.

खंडू : हे घ्या. चांगलं हाय.

सिंधूबाई : बगितलं?

खंडू : बगितलं की.

सिंधूबाई : येवढ्यात? परत बगा भावजी. हे येका पानाला लई येळ घ्यायचे.